लोखंडातले पोटॅशियम

अमोनियाच्या कारखान्यातला कन्व्हर्टर उघडला, की आत काळ्या, ओबडधोबड खड्यांचे थर दिसतात. एकेक खडा काही मिलिमीटरचा. त्याचे पृथक्करण केले तर बहुतांश लोखंड सापडते, त्याच्या जोडीला दोन-तीन टक्के ॲल्युमिना, थोडा चुना आणि अर्धा ते पाऊण टक्का पोटॅशियमचे ऑक्साइड. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया करतो. शेतात पडणाऱ्या युरियाच्या पांढऱ्या दाण्यातला नायट्रोजन असल्याच कन्व्हर्टरमधून आलेला असतो. जगभर वर्षाला 18 कोटी टनांच्या आसपास अमोनिया बनतो आणि त्यातला फार मोठा हिस्सा याच घडणीच्या लोखंडावर बनतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे तो अर्धा-पाऊण टक्का. लोखंडाचे काम सर्वांना ठाऊक आहे, दाब-तापमानाचे महत्त्व पाठ्यपुस्तके सांगतात. पोटॅशियम मात्र बहुधा एका ओळीत उरकले जाते: ‘प्रमोटर म्हणून वापरतात.’ त्या ओळीच्या मागे विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचा एक फार मोठा शोध उभा आहे. हा अर्धा टक्का नेमका कुठे जाऊन बसतो आणि शेजारच्या लोखंडाचे काय करतो, हे कळायला जवळजवळ सत्तर वर्षे गेली. ते कळल्यावरही सगळे वाद मिटले नाहीत.

अडचण नायट्रोजनची आहे. हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने बांधलेले असतात आणि तो बंध तोडायला मोलामागे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. तापमान वाढवले तर बंध तुटण्याचा वेग वाढतो, पण अमोनिया बनण्याची क्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्यामुळे जास्त तापमानात समतोल उलट्या बाजूला झुकतो आणि बनलेला अमोनिया पुन्हा फुटतो. या कोंडीतून सुटायचे तर दाब वाढवायचा आणि कमी तापमानात नायट्रोजन फोडणारा उत्प्रेरक शोधायचा, एवढेच हाती उरते.

फ्रिट्स हाबर यांनी कार्ल्सरूहे येथे हे दोन्ही साधले. 2 जुलै 1909 रोजी बीएएसएफ कंपनीचे कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश त्यांच्या प्रयोगशाळेत आले. उपकरण रॉबर्ट ले रोसिन्योल या कुशल सहकाऱ्याने बांधलेले होते. त्या दिवशी उपकरणातून द्रवरूप अमोनिया ठिबकला. पण उत्प्रेरक होता ऑस्मियम. हा धातू इतका दुर्मीळ, की जगभरचा साठा गोळा केला तरी मोठा उद्योग उभा राहिला नसता. शिवाय हवेत त्याचे ऑक्साइड बाष्परूपाने उडते आणि ते विषारी असते. हाबर यांना युरेनियमही लागू पडलेले दिसले होते, पण ऑक्सिजन आणि पाण्याचा लवलेश त्याला चालत नसे. कारखान्यासाठी तिसरेच काही हवे होते.

ते शोधण्याची जबाबदारी मिटाश यांच्यावर पडली. अमोनियाच्या इतिहासात हाबर आणि बॉश ही दोन नावे जोडीने घेतली जातात, दोघांनाही नोबेल मिळाले. मिटाश यांचे नाव त्या जोडीत येत नाही, आणि तो अन्याय आहे. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांच्या लाइपझिगच्या परंपरेत ते घडलेले. उत्प्रेरकाचा गुण एखाद्या शुद्ध मूलद्रव्यात शोधण्यापेक्षा मिश्रणांत शोधावा, हा त्यांचा पक्का विचार होता. आज तो विचार साधा वाटतो. त्या काळी शुद्धता हेच प्रयोगाच्या विश्वासार्हतेचे माप होते आणि मळलेला नमुना ही लाज होती.

शुद्ध लोखंड हाबर यांनी तपासले होते, इतरांनीही तपासले होते. ते फारसे चालत नव्हते. चालले तरी लवकर मंदावे. 1909 च्या नोव्हेंबरात मिटाश यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या येलिव्हारेच्या खाणीतला मॅग्नेटाइटचा नमुना उपकरणात घातला, आणि त्याने अनपेक्षित उत्पादन दिले. इतर लोखंडे आणून पाहिली, तर ती निकामी. मग या एका खाणीच्या दगडात असे काय होते? मिटाश यांनी उत्तर दगडातल्या मळात शोधले. शुद्ध लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये ते एकेक पदार्थ थोडा थोडा मिसळू लागले. ॲल्युमिनाने गुण वाढला. अल्कली घातल्यावर आणखी वाढला. गंधक, क्लोरीन, फॉस्फरस यांनी मात्र चालता उत्प्रेरक मारून टाकला. 1910 च्या जानेवारीत पेटंटचा अर्ज गेला. दोनेक ग्रॅम उत्प्रेरक मावेल अशी लहान, पटकन बदलता येणारी उच्चदाबाची उपकरणे ओळीने मांडून 1912 च्या सुरुवातीपर्यंत 2,500 निरनिराळ्या मिश्रणांवर 6,500 प्रयोग झाले होते. 1913 च्या सप्टेंबरात ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. तिथले मिश्रण आणि आज कन्व्हर्टरमध्ये भरतात ते मिश्रण यांत नात्यातले साम्य आहे. शंभराहून अधिक वर्षे टिकलेली अशी दुसरी औद्योगिक पाककृती सांगणे अवघड आहे.

हा उत्प्रेरक बनतो कसा, हे इथे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मॅग्नेटाइट, ॲल्युमिना, चुना आणि पोटॅशियमचा क्षार एकत्र वितळवतात, थिजलेला गोळा फोडून खडे करतात आणि ते कन्व्हर्टरमध्ये भरून हायड्रोजनयुक्त वायूने ऑक्साइडचे लोखंडात रूपांतर करतात. ऑक्सिजन निघून गेला, की खडा आतून सच्छिद्र होतो. ॲल्युमिना लोखंडाच्या सूक्ष्म कणांच्या मधे राहते आणि त्यांना एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाही. शुद्ध लोखंडाच्या एका ग्रॅमला एक चौरस मीटरही पृष्ठभाग उरत नाही. ॲल्युमिनामुळे तो दहा-वीस चौरस मीटरपर्यंत जातो. बाहेरच्या आधारावर धातू पसरवायचा, या नेहमीच्या पद्धतीऐवजी इथे आधारच धातूच्या पोटात विखुरलेला आहे. ॲल्युमिनाचे काम असे नजरेत भरते, मोजताही येते.

पोटॅशियमचे काम या हिशेबात बसत नाही. ते घातले की पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढत नाही, उलट घटते. तरीही अमोनिया अधिक बनतो.

हे कोडे मोजमापाच्या पातळीवर आणले पॉल एमेट आणि स्टीफन ब्रुनॉअर यांनी. दोघे वॉशिंग्टनमधल्या फिक्स्ड नायट्रोजन रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होते. सच्छिद्र पदार्थाचा पृष्ठभाग वायूच्या अधिशोषणावरून मोजण्याची बीईटी पद्धत आज जगातल्या प्रत्येक उत्प्रेरक प्रयोगशाळेत वापरतात. त्यातली पहिली दोन अक्षरे या दोघांची, तिसरे एडवर्ड टेलर यांचे. ही पद्धत जन्मली ती याच अमोनियाच्या लोखंडावर काम करताना. एमेट आणि ब्रुनॉअर यांनी आणखी एक युक्ती केली. कार्बन मोनॉक्साइड लोखंडाच्या अणूंना चिकटतो, कार्बन डायऑक्साइड अल्कलीला चिकटतो. दोन्ही वायू वेगवेगळे सोडून कोणता किती घेतला जातो ते मोजले, की पृष्ठभागावर लोखंड किती उघडे आहे आणि अल्कली किती पसरली आहे, याचा अंदाज येतो. 1937 साली त्यांनी जाहीर केले की एकूण वजनात एखाद-दुसरा टक्का असलेली अल्कली पृष्ठभागाचा फार मोठा हिस्सा व्यापून बसते.

या निष्कर्षाने ‘थोडेसे पोटॅशियम’ या शब्दांचा अर्थच बदलला. वजनाच्या हिशेबात ते नगण्य होते. पण वायूच्या रेणूला खड्याचे वजन कळत नाही, त्याला फक्त पृष्ठभाग भेटतो, आणि तिथे पोटॅशियम जागोजाग होते. लोखंडाच्या स्फटिकात पोटॅशियमच्या मोठ्या अणूला जागा नाही. वितळलेला गोळा थिजताना आणि पुढे ऑक्सिजन निघून जाताना ते बाहेर ढकलले जाते, आणि बाहेर म्हणजेच रासायनिक क्रिया जिथे चालते तिथे. याच दोघांनी 1934 च्या सुमारास दाखवले होते की नायट्रोजन लोखंडावर चिकटण्याचा वेग आणि अमोनिया बनण्याचा वेग एकमेकांशी जुळतात. म्हणजे सगळी साखळी अडते ती नायट्रोजन फुटण्याच्या टप्प्यावर. पोटॅशियमचा उपकार त्याच टप्प्यावर असावा, असा संशय तेव्हापासून होता.

संशयाला आधार वेगळ्याच क्षेत्रातून मिळाला होता. 1920 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या स्कनेक्टडी येथील प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि केनेथ किंगडन दिव्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या टंगस्टन तारांवर प्रयोग करत होते. सीझियमची वाफ तारेवर बसली, की तारेतून इलेक्ट्रॉन कितीतरी सहज बाहेर पडत. धातूतला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेला वर्क फंक्शन म्हणतात. विहिरीत पाणी जितके खोल तितका पोहऱ्याला दोर जास्त लागतो. सीझियम बसल्यावर पाणी काठाजवळ आल्यासारखे होते. शुद्ध टंगस्टनला साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, सीझियमच्या योग्य थराने ही गरज जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. कारण अल्क धातूच्या अणूत सर्वांत बाहेरचा एकमेव इलेक्ट्रॉन अगदी सैल असतो. धातूच्या पृष्ठभागावर बसताच तो बऱ्याच अंशी धातूकडे झुकतो, अणू धनभारित उरतो, आणि त्याच्याखाली धातूत ऋणभार साचतो. प्रत्येक अणूभोवती असे लहानसे द्विध्रुवी क्षेत्र तयार होते. रोनाल्ड गर्नी यांनी 1935 मध्ये या चित्राला क्वांटम यांत्रिकीची बैठक दिली.

अमोनियाच्या लोखंडावर हे चित्र थेट तपासायचे तर पृष्ठभाग स्वच्छ हवा, त्यावर अणू मोजून ठेवता यायला हवेत, आणि पाहणाऱ्या उपकरणाला फक्त वरचा थर दिसायला हवा. हे तिन्ही शक्य झाले 1960-70 च्या दशकात, अतिनिर्वात तंत्रामुळे. गेर्हार्ड अर्टल यांनी म्युनिकमध्ये लोखंडाचे एकस्फटिक घेऊन हा मार्ग चालायला सुरुवात केली. आधी त्यांनी सिद्ध केले की नायट्रोजन पृष्ठभागावर अणूंमध्ये फुटतो आणि मग त्या अणूंना एकेक करून हायड्रोजन जोडले जातात. मग 1979 मध्ये, एस. बी. ली आणि एम. वाइस यांच्यासह, त्यांनी स्फटिकाच्या (100) पृष्ठावर पोटॅशियमचे अणू बसवले. वर्क फंक्शन सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टने उतरले, आणि नायट्रोजन फुटून चिकटण्याची शक्यता सुमारे 300 पट वाढली. मिटाश यांच्या उपकरणांत साठ-सत्तर वर्षांपूर्वी दिसलेला गुण आता एका स्फटिकावर, मोजलेल्या अणूंनिशी दिसला.

अर्टल यांचे स्पष्टीकरण असे: नायट्रोजनचा रेणू फुटण्याआधी क्षणभर लोखंडाला चिकटतो. त्या अवस्थेत लोखंडाचे इलेक्ट्रॉन रेणूच्या बंधविरोधी कक्षकांत शिरतात. जितके अधिक शिरतील तितका रेणूचा आतला बंध ढिला होतो आणि लोखंडाशी असलेला बंध घट्ट होतो. शेजारी पोटॅशियम असेल तर हे इलेक्ट्रॉन देणे लोखंडाला सोपे जाते. कार्बन मोनॉक्साइडवर हा परिणाम डोळ्यांनी पाहावा इतका ठळक आहे: प्लॅटिनमवर पोटॅशियम बसवले, की त्याच्या कार्बन-ऑक्सिजन बंधाची कंपनसंख्या प्रति सेंटिमीटर 2,000 च्या वरून 1,500 च्या आसपास घसरते. पुढे 1984 मध्ये येन्स नॉर्स्कोव्ह, स्टीफन हॉलोवे आणि नॉर्टन लँग यांनी दाखवले की यातले बरेचसे केवळ विद्युत्क्षेत्राने समजते. पोटॅशियमचे धनभारित अणू शेजारी जे क्षेत्र निर्माण करतात, त्यात इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला रेणू अधिक स्थिर होतो. गंधक आणि क्लोरीन यांचे क्षेत्र उलट दिशेचे, म्हणून ते मारक. मिटाश यांच्या वहीतल्या तारक आणि मारक या दोन्ही याद्यांना एकच कारण मिळाले, ही या सिद्धांताची सर्वांत सुंदर बाब आहे.

इथे थांबले असते तर गोष्ट नीटनेटकी झाली असती.

पण कन्व्हर्टरमध्ये निर्वात नसतो. तिथे शंभर-दोनशे वातावरणांचा दाब आणि 400 ते 500 अंश सेल्सियसचे तापमान असते. अर्टल यांच्या पेटीतला दाब वातावरणाच्या अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी. शिवाय स्वच्छ लोखंडावर बसलेले धातुरूप पोटॅशियम कन्व्हर्टरच्या तापमानाला टिकतच नाही, उडून जाते. अर्टल यांनी स्वतःच दाखवले की ऑक्सिजन सोबत असेल तरच ते पृष्ठभागाला धरून राहते. म्हणजे खऱ्या उत्प्रेरकावर जे असते ते पोटॅशियम आणि ऑक्सिजन यांचे संयुक्त, विरळ आवरण. म्हणून ‘पोटॅशियम इलेक्ट्रॉन देते’ हे वाक्य अपुरे आहे. ऑक्सिजन त्यातले काही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ठेवतो.

बर्कलीला गॅबर सोमोर्जाय यांनी एकस्फटिक निर्वातात तयार करून, तिथल्या तिथे 20 वातावरणांच्या दाबाखाली नेण्याची सोय केली. आधी त्यांनी पोटॅशियमशिवाय मोजले: (111), (100) आणि (110) या पृष्ठांवरच्या अमोनियाच्या वेगाचे गुणोत्तर 418, 25 आणि 1. एकाच लोखंडाच्या वेगवेगळ्या बाजूंत इतका फरक. मग डॅनियल स्ट्रॉन्गिन यांच्यासह पोटॅशियम घातले, आणि 1988 मध्ये आलेले निष्कर्ष अर्टल यांच्या चित्राशी सरळ जुळले नाहीत. निर्वातात पोटॅशियमने तिन्ही पृष्ठांतला फरक जवळजवळ पुसला होता; दाबाखाली (110) निष्क्रियच राहिला. क्रियेची सक्रियण ऊर्जाही बदलली नाही. बदलले ते अमोनियाचे वागणे. बनलेला अमोनिया लोखंडाला चिकटून राहतो आणि नव्या नायट्रोजनची जागा अडवतो. पोटॅशियम शेजारी असेल तर तो कमी चिकटतो, लवकर निघून जातो. वेगाच्या समीकरणात अमोनियाच्या अडवणुकीचा घातांक उणे 0.60 वरून उणे 0.35 वर आला. त्यामुळे वायूत अमोनिया जितका जास्त, तितका पोटॅशियमचा फायदा मोठा. कारखान्यात नेमकी तीच स्थिती असते.

दोन स्पष्टीकरणांपैकी एक खरे आणि एक खोटे ठरवण्याचा मोह टाळायला हवा. दोन्हींचे मूळ एकच आहे: पोटॅशियमभोवतीचे क्षेत्र. इलेक्ट्रॉन घेणाऱ्या नायट्रोजनला ते क्षेत्र धरून ठेवते, इलेक्ट्रॉन देऊन चिकटणाऱ्या अमोनियाला ते दूर ढकलते. कोणता परिणाम वरचढ, हे दाब, तापमान आणि वायूची रचना ठरवतात. 10 ऑक्टोबर 2007 रोजी, अर्टल यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. ते एकट्यांना मिळाले, सोमोर्जाय यांचे नाव त्यात नव्हते, आणि अनेक पृष्ठरसायनतज्ज्ञांना ते खटकले. या एका प्रश्नापुरते पाहिले तरी बर्कलीच्या मोजमापाशिवाय म्युनिकचे चित्र अर्धेच राहते.

आता लोखंड सोडून आधारावर पसरलेल्या इतर धातूंकडे. 1972 मध्ये जपानमध्ये आत्सुमू ओझाकी आणि केन-इची आइका यांनी कार्बनवर बसवलेल्या रुथेनियमला अल्कलीची जोड दिली आणि लोखंडाहून सौम्य परिस्थितीत अमोनिया मिळवला. 1992 मध्ये कॅनडातल्या किटिमाट येथे रुथेनियमवर चालणारा कारखाना सुरू झाला. रुथेनियमवर नायट्रोजन फुटतो तो सपाट भागावर नाही, अणूंच्या पायऱ्यांच्या कडेला. डेन्मार्कमधल्या गटाने 1999 मध्ये दाखवले की सपाट भागावरचा वेग पायऱ्यांवरच्या वेगापेक्षा निदान नऊ दशगुणोत्तरांनी कमी आहे. म्हणून सीझियम किंवा बेरियम कुठे बसते, हा प्रश्न इथे आणखी टोकदार होतो: पायरीच्या शेजारी बसले तर तारक, पायरीवरच बसले तर तीच जागा बंद. शिवाय कार्बनचा आधार हायड्रोजनमध्ये हळूहळू मिथेन होऊन झिजतो, आणि हे दुखणे या उत्प्रेरकाला जन्मापासून आहे. 2012 मध्ये हिदेओ होसोनो यांच्या टोकियोतील गटाने अल्कलीऐवजी आधारालाच इलेक्ट्रॉन देणारा बनवले. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या एका ऑक्साइडच्या पिंजऱ्यांत मोकळे इलेक्ट्रॉन कोंडून त्यावर रुथेनियम बसवले.

चांदीची गोष्ट निराळी. पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी लागणारा कच्चा माल इथिलीन ऑक्साइडपासून येतो, आणि हे इथिलीन ऑक्साइड ॲल्युमिनावरच्या चांदीवर बनते. सीझियमचा अंश नसेल तर बरेचसे इथिलीन जळून कार्बन डायऑक्साइड होते. सीझियमच्या कामाचा एक भाग चांदीवर चालतो. दुसरा ॲल्युमिनाच्या आम्लधर्मी जागा झाकण्याचा आहे, कारण त्या जागा बनलेल्या इथिलीन ऑक्साइडचा नाश करतात. इथे विद्युत्क्षेत्राहून साध्या आम्ल-अल्कलीच्या रसायनाला अधिक महत्त्व आहे.

आणि प्लॅटिनमवर तर अल्कली नुसती शेजारी राहत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन मिळवण्याच्या क्रियेत मारिया फ्लित्झानी-स्टेफानोपुलोस यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवले की सोडियम किंवा पोटॅशियम, ऑक्सिजन आणि प्लॅटिनमचे विखुरलेले अणू मिळूनच क्रियेची जागा तयार होते. एरवी निष्क्रिय मानलेल्या सिलिकेच्या आधारावरही मग प्लॅटिनम चालू लागते. एमेट-ब्रुनॉअर यांच्या काळापासून ‘धातू काम करतो, अल्कली मदत करते’ अशी जी वाटणी मनात होती, ती इथे लागू पडत नाही. म्हणून अल्कली काय करते, असा सरसकट प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या धातूवर, कोणत्या आधारावर, कोणत्या दाबाखाली आणि कोणाच्या शेजारी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

निर्वात पेटी आणि कन्व्हर्टर यांच्यातली दाबाची दरी अलीकडे बरीच बुजली आहे. स्टॉकहोमच्या आंडर्स निल्सन यांच्या गटाने हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर असे उपकरण बांधले, की क्ष-किरण इलेक्ट्रॉन वर्णपटदर्शन अमोनिया बनत असतानाच करता येते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात लोखंड आणि रुथेनियमचे एकस्फटिक एक बारपर्यंतच्या दाबाखाली पाहिले गेले. लोखंड धातुरूपच राहिले आणि त्यावर नायट्रोजनचे अणू व अर्धवट हायड्रोजन जोडलेले तुकडे दिसले. रुथेनियमवर मात्र जवळजवळ काहीच साचलेले नव्हते. हे दोन्ही स्फटिक प्रमोटरविना होते. आता त्यावर पोटॅशियम आणि ऑक्सिजन मोजून बसवायचे, आणि सोमोर्जाय यांनी वेगाच्या समीकरणावरून ओळखलेली अमोनियाची अडवणूक त्या वर्णपटात थेट दिसते का, ते पाहायचे.